अंगावरून वारं गेलं तेव्हा: झाडपाला, मेंदू आणि साडेचार तास

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग मी पुण्यातून नाही, तलासरीहून रेकॉर्ड करतोय, घरच्या ओटीवर बसून. मागे कोंबडा आरवेल, मध्येच एखादा टेंपो जाईल, तेवढं सांभाळून घ्या.

एरवी आपण इथे कोडिंग, नोकरी, इंटरव्ह्यू असल्या गोष्टी बोलतो. मागे एकदा मी ओघात म्हणालो होतो की बाबांना पॅरॅलिसिसचा झटका आल्यापासून मी रात्री बसून झाडपाल्याच्या औषधांवरचे शोधनिबंध वाचतो. त्यावर जेवढे मेसेज आले तेवढे आजवर कुठल्याच भागाला आले नव्हते. डहाणू, कासा, उधवा, बोर्डी, सगळीकडून. आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: "आमच्याकडे पण असंच झालंय, कुठली वनस्पती द्यायची ते सांग."

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअर लिहितो. आज सांगणार आहे त्यातलं काही छापून आलेल्या चाचण्यांमधलं आहे आणि काही आमच्या घरात घडलेलं. घरातल्या गोष्टीत माझी एक मोठी चूक आहे. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मला थोडं सोपं जाईल.

साडेसहा ते एक

ऑक्टोबर २०२२. दिवाळी तोंडावर होती. सकाळी साडेसहाच्या सुमाराला बाबा अंगणात तोंड धूत होते आणि हातातला तांब्या पडला. आई बाहेर आली तर उजवा हात लोंबकळतोय, तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, बोलायला बघतायत पण शब्द फुटत नाही. शेजारचे जमले. कोणीतरी म्हणालं, "वारं गेलंय अंगावरून." आपल्याकडे असंच म्हणतात. वारं गेलं, लकवा मारला. आणि वारं म्हटलं की ते जसं आलं तसं निघूनही जाईल असं वाटतं. शब्दाचाच तो परिणाम असावा.

सात वाजून दहा मिनिटांनी आईने मला फोन केला. मी हिंजवडीत, अर्धवट झोपेत. ती म्हणाली, "बाबांना बोलता येत नाहीये रे." आणि मी, घरातला सगळ्यात शिकलेला माणूस, काय म्हणालो? "बीपी लो झालं असेल. मीठ-साखरेचं पाणी दे, थोडं पडू दे त्यांना. मी निघतोच."

हे वाक्य मी आजवर कितीतरी वेळा मनात ऐकलंय. त्यात तीन चुका आहेत. बीपी लो नव्हतं, भयंकर वाढलेलं होतं. अशा माणसाला गिळता येत नसतं, पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. आणि "पडू दे" हे तर सगळ्यात वाईट.

शेजाऱ्यांनी आमच्या पाड्यावरच्या वैदूकाकांना बोलावून आणलं. हाड बसवणं, मुळी-पाला देणं हे ते वर्षानुवर्षं करतात. त्यांनी हाताला तेल चोळलं, एक मुळी उगाळून लावली. अर्धा तास बाबांकडे बघत बसले आणि आईला म्हणाले, "वहिनी, हे माझ्या हातातलं नाही. मोठ्या दवाखान्यात न्या." म्हणजे बाबांना आधी हलवायला सांगितलं ते मी नाही, वैदूकाकांनी. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा गोष्टींत भगत-वैदू खलनायक आणि शिकलेला मुलगा हिरो असतो. आमच्याकडे तसं नव्हतं.

गाडी मिळेपर्यंत नऊ वाजून गेले. पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हता. तिथून हायवेने गुजरातच्या बाजूला. स्कॅन झाला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे शेवटचे ठणठणीत कधी होते?" आई म्हणाली, साडेसहा. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं. ती वेळ गेली."

आत नेमकं काय होतं

स्ट्रोक दोन प्रकारचा. बहुतेक वेळा मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकते. कमी वेळा नळी फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. फरक फक्त स्कॅनमध्ये कळतो. म्हणून घरी ॲस्पिरिन देणंही धोक्याचं, कारण रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन आगीत तेल ओतेल.

गुठळी अडकली की मधोमधचा भाग काही मिनिटांत मरतो. पण भोवती एक पट्टा असतो, तो काही तास उपाशी राहून तग धरतो. रक्त परत आलं तर तो वाचतो. जेफ्री सेव्हर नावाच्या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने २००६ साली हिशेब मांडला होता: मोठी नळी बंद झालेल्या स्ट्रोकमध्ये उपचार न मिळाल्यास सरासरी दर मिनिटाला १९ लाख मेंदूपेशी जातात. साडेसहा ते एक म्हणजे ३९० मिनिटं. मी इंजिनिअर, गुणाकार करून बसलो: ७४ कोटी. सरासरी आकडा आहे हा, बाबांचा नाही. पण तो डोक्यातून जात नाही.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झाला, तेव्हा मुदत तीन तास होती. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती साडेचार तासांवर नेली. नळीतून तार घालून गुठळी ओढून काढायचं तंत्र २०१५ नंतर रुळलं. निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंतही चालतं, पण त्यासाठी तसं केंद्र जवळ लागतं. तलासरीहून मुंबई सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि घोडबंदरचा ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे.

तर पहिला मुद्दा इथेच संपवतो. या पहिल्या तासांत देता येईल अशी कुठलीही वनस्पती नाही. रानातली नाही, चीनमधली नाही, महागडी नाही. इथे औषध म्हणजे गाडी.

माझं एक्सेलशीट

आता त्यानंतरचं. बाबा घरी आले. उजवा हात निकामी, बोलणं तुटक. "पाणी" म्हणायचं असेल तर "चावी" म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. आश्रमशाळेत तीस वर्षं शिकवलेला माणूस हा.

मी काय केलं असेल? एक्सेलशीट उघडली. एका रकान्यात वनस्पती, दुसऱ्यात त्यातलं रसायन, तिसऱ्यात कुठल्या प्राण्यावर चाचणी, चौथ्यात निकाल. हळद, अश्वगंधा, ब्राह्मी, गिंको, जिनसेंग. दोन महिन्यांत सत्तरेक नोंदी झाल्या. आणि निकालाच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे हिरवा रंग! उंदराला कृत्रिम स्ट्रोक द्यायचा, औषध द्यायचं, मेंदूतला मेलेला भाग मोजायचा. कमी झालेला. प्रत्येक वेळी.

खूप दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हिरवा रंग हीच भानगड आहे. आमच्या धंद्यात सगळ्या टेस्ट नेहमी पास होत असतील तर आम्ही कोडवर खूश होत नाही, टेस्टवर संशय घेतो. उंदीर तरुण असतो, त्याला बीपी नसतं, शुगर नसते, आणि औषध पुष्कळदा स्ट्रोकच्या आधी किंवा तासाभरात दिलेलं असतं. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे, आणि त्यांच्यापर्यंत औषध पोहोचणार दोन महिन्यांनी. उंदरावर चाललेली औषधं स्ट्रोकच्या माणसावर पडण्याचा इतिहास फार मोठा आहे, आणि त्यात कारखान्यातली औषधंही तितकीच आहेत.

दुसरी गंमत नावांची. ब्राह्मी म्हणून तुम्ही जे घेता ते काय? आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती या एकाच नावाने विकल्या जातात. एक जाड, मांसल, बारीक पानांची नीरब्राह्मी, शास्त्रीय नाव बाकोपा. दुसरी ओढ्याकाठी पसरणारी, बेडकाच्या पायासारख्या गोल पानांची मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला. दोन्हींतली रसायनं वेगळी. दोन व्हेरिएबलना एकच नाव दिलं तर काय होतं हे मी इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. बाकोपाच्या अर्काच्या माणसांवर चाचण्या झाल्यात, पण त्या बहुतेक निरोगी माणसांच्या स्मरणशक्तीवर, तीन-तीन महिन्यांच्या. स्ट्रोकनंतर हात हलवण्यावर नाहीत.

वैदूकाकांचा प्रश्न

जानेवारीत मी वैदूकाकांकडे गेलो. म्हटलं काका, तुमच्याकडे वाऱ्याचे किती लोक येतात? म्हणाले, वर्षाला पाच-सहा. किती सुधारतात? म्हणाले, "बरेच सुधारतात. कोणी काठी घेऊन चालायला लागतं, कोणाचं तोंड सरळ होतं." मग माझ्याकडे बघून हसले. "पण जे माझ्याकडे येत नाहीत, ते पण सुधारतात रे. माझा सख्खा भाऊ काहीच न घेता चालायला लागला. मग माझ्या तेलाचं किती आणि त्याचं स्वतःचं किती, हे तुझ्या कागदात सापडतं का?"

मंडळी, क्लिनिकल ट्रायल म्हणजे काय हे मला इतक्या सोप्या भाषेत कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

कारण मेंदू स्वतःची डागडुजी करतोच. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी नव्या जोडण्या करतात, सूज उतरते, बंद पडलेले रस्ते वळसा घालून सुरू होतात. यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो. बोलणं त्यानंतरही बराच काळ सुधारत राहतं. म्हणजे त्या तीन महिन्यांत तुम्ही काहीही द्या, पारव्याच्या रक्ताचं मालीश करा, काढा द्या, हिरवी कॅप्सूल द्या, माणूस सुधारताना दिसणार आणि श्रेय त्या वस्तूला जाणार. म्हणून दोन गट लागतात. एकाला खरं औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं खोटं. कोणाला काय मिळालं हे कोणालाच माहीत नाही. मग मोजायचं.

हे मोजण्याचं काम झाडपाल्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त चीनने आणि आजूबाजूच्या देशांनी केलंय. त्यातली तीन उदाहरणं.

पहिलं. एमएलसी ६०१ नावाची कॅप्सूल. नऊ वनस्पती आणि पाच प्राणिज घटक. मी ही ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवली होती, खोटं कशाला बोलू. सिंगापूर, फिलिपीन्स, थायलंड, श्रीलंका अशा देशांतल्या अकराशे रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये आला. तीन महिन्यांनी दोन गटांत ठळक फरक दिसला नाही.

दुसरं. रक्तस्रावाच्या स्ट्रोकसाठी चीनमध्ये वापरला जाणारा एक काढा: लाल जिनसेंग, त्याचाच एक भाऊबंद, रुबार्ब जातीची मुळी, आणि आणखी एक. २६ हॉस्पिटलं, १६४८ रुग्ण. २०२४ च्या लॅन्सेटमध्ये निकाल आला: उपयोग नाही. चीनमधल्याच डॉक्टरांनी, स्वतःच्या परंपरेतल्या औषधाबद्दल, हे छापलं. मला त्याचं कौतुक वाटतं.

तिसरं, आणि हे उलट बाजूचं. बोर्निऑल. हा कापराचा नातेवाईक. आपल्या जुन्या वैद्यकातला भीमसेनी कापूर तो हाच. चीनमध्ये एडाराव्होन या कारखान्यात बनणाऱ्या औषधाला बोर्निऑलची जोड देऊन जिभेखाली ठेवायची गोळी केली. ९१४ रुग्ण, झटक्यानंतर ४८ तासांच्या आत सुरुवात. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले: गोळीच्या गटात ६४.४ टक्के, खोट्या गोळीच्या गटात ५४.७ टक्के. हा निकालही २०२४ चाच.

हे आकडे नीट बघा. काही न मिळालेल्या गटातही शंभरातले पंचावन्न बरे झाले. हे वैदूकाकांचे भाऊ. औषधाने त्यात दहाची भर घातली. हे दहा खरे आहेत आणि मोलाचे आहेत. पण दोन गट नसते तर आपण चौसष्टचे चौसष्ट त्या गोळीच्या नावावर जमा केले असते.

आणि हे ऐकून कृपा करून कोणी देवघरातला कापूर घेऊ नका. तो वेगळा रेणू आहे, विषारी आहे, पोटात गेला तर झटके येतात, लहान मुलांचे तर जीव जातात. बाजारात भीमसेनी म्हणून जे मिळतं तेही पुष्कळदा साधा कापूरच असतो.

खाजकुइलीची गोष्ट

आता आपल्या रानातली वनस्पती. पावसाळ्यानंतर डहाणू-तलासरीच्या कुंपणांवर खाजकुइलीच्या शेंगा लटकतात. लहानपणी शाळेत एकमेकांच्या शर्टात टाकायचो आणि मार खायचो. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, वजनाच्या साधारण चार ते सहा टक्के. हे तेच रसायन, जे पार्किन्सन्सच्या रुग्णांना गोळीतून देतात. १९७८ साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना या बिया देऊन त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे तिच्यापासून औषधही बनलं. म्हणजे रानातलं बी मेंदूच्या आजारात खरोखर चालतं, याचा हा आपल्याच भागातला पुरावा.

मग स्ट्रोकमध्ये का नाही चालणार? लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन बनतं आणि डोपामिन नवी हालचाल शिकायला मदत करतं. स्ट्रोकनंतर माणूस हालचाल नव्यानेच शिकत असतो. तर्क चोख. २००१ मध्ये जर्मनीत ५३ रुग्णांवर प्रयोग झाला: व्यायामाआधी लेव्होडोपाची गोळी. निकाल चांगला आला, लॅन्सेटमध्ये छापून आला. मी हे वाचलं त्या रात्री झोपलो नाही. घरामागच्या कुंपणावर औषध लटकतंय असं वाटत होतं.

मग पुढचं वाचलं. ब्रिटनमध्ये हाच प्रयोग ५९३ रुग्णांवर झाला, निकाल २०१९ मध्ये: चालण्यात फरक नाही. स्वित्झर्लंडमध्ये पुन्हा सहाशेच्या आसपास रुग्णांवर केला, २०२५ मध्ये निकाल: फरक नाही. ५३ जणांत दिसलेला फायदा बाराशे जणांत विरून गेला. हे शुद्ध, मोजून दिलेलं लेव्होडोपा होतं. बियांच्या पुडीत किती आहे हे तर कोणालाच ठाऊक नसतं. जास्त झालं तर उलट्या होतात, बीपी एकदम पडतं, माणसाला भास होतात.

वैदूकाकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मी कधी दिलीच नाही वाऱ्याला. ती वेगळ्या कामाची." माझं दोन महिन्यांचं वाचन एका वाक्यात आटोपलं.

व्यायामाचं म्हणाल तर त्यालाही मोजलं गेलंय. चांगला हात बांधून ठेवायचा आणि लुळ्या हाताला कामाला लावायचं, ही पद्धत अमेरिकेत २२२ रुग्णांवर तपासली, २००६ मध्ये निकाल चांगला आला. पण ज्यांची बोटं-मनगट थोडी तरी हलतात त्यांच्यासाठीच ती होती. आणि भारतातच १४ हॉस्पिटलांत १२५० रुग्णांवर तपासलं की घरच्यांना थोडं शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले तर चालेल का. २०१७ चा निकाल: नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक नाही. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण आई रोज तेच करत होती. पण फूटपट्टी झाडपाल्याला एक आणि व्यायामाला दुसरी लावता येत नाही. त्यानंतर आम्ही आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जायला लागलो.

कपाटातल्या पट्ट्या

आता ज्यासाठी हा भाग केला ते. मार्चमध्ये बाबांचे कागद शोधताना कपाटाच्या वरच्या खणात बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. अकरा पट्ट्या, न फोडलेल्या. तारखा दोन वर्षांपूर्वीच्या. आईला विचारलं. म्हणाली, "ते म्हणायचे, गोळी एकदा सुरू केली की सुटत नाही. म्हणून बंद केल्या, आणि ते चूर्ण घ्यायचे सकाळी." चूर्णाचा डबाही तिथेच होता. त्यावर लिहिलेलं, मेंदू तल्लख ठेवतं, पूर्ण नैसर्गिक.

मी झटक्यानंतर मेंदू दुरुस्त करणारी वनस्पती शोधत होतो, आणि झटका थांबवणारी वस्तू कपाटात पडून होती.

२०१६ साली ३२ देशांतल्या रुग्णांचा इंटरस्ट्रोक नावाचा अभ्यास आला. त्यात स्ट्रोकच्या धोक्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या वाढलेल्या रक्तदाबाचा निघाला.

बाबांना "नैसर्गिक" हा शब्द आवडायचा, म्हणून त्यांना मी एक गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो. सर्पगंधा माहीत असेल. कोकण-सह्याद्रीच्या रानात मिळते, साप चावल्यावर, वेड लागल्यावर द्यायचे. १९३१ साली सेन आणि बोस या दोन भारतीय डॉक्टरांनी लिहिलं की ती बीपी उतरवते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. रुस्तम जाल वकील होते, हृदयरोगतज्ज्ञ. ते वर्षानुवर्षं रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देत होते, आणि नुसते देत नव्हते, प्रत्येकाचं बीपी मोजून लिहून ठेवत होते. १९४९ मध्ये ५० रुग्णांचे ते आकडे त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढचा भाग स्ट्रोकचा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत बीपीच्या औषधांची पहिली मोठी चाचणी झाली. तीन औषधांचं मिश्रण होतं, त्यातलं एक रिसर्पिन. १९७० च्या निकालात ३८० पुरुष होते. खोटी गोळी मिळालेल्यांत स्ट्रोक झाले २०, औषध मिळालेल्यांत ५.

स्ट्रोकच्या बाबतीत कुठल्या वनस्पतीने सर्वात मोठं काम केलं असेल तर ते हे. आपल्या रानातली मुळी, मुंबईतलं हॉस्पिटल. मेंदू बिघडल्यावर दुरुस्त करून नाही, बिघडायच्या आधी बीपी खाली आणून. आणि ते सिद्ध झालं कारण एका माणसाने मोजलं. आज डॉक्टर रिसर्पिन क्वचितच देतात, कारण जास्त डोसमध्ये उदासी येते आणि त्याहून सोप्या गोळ्या निघाल्या. तेव्हा सर्पगंधा उकळून पिऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲम्लोडिपिनसारखी गोळी फुकट मिळते, ती घ्या.

बाबांनी सगळं ऐकलं. मग अडखळत, एकेक शब्द शोधत म्हणाले, "म्हणजे... गोळी... पण... मुळीच." शिक्षक शेवटी. तेव्हापासून एक दिवस चुकवलेली नाही.

एवढं लक्षात ठेवा

तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक झालं तर घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा. पाणी नाही, काढा नाही, ॲस्पिरिन नाही. कुशीवर झोपवा. सीटी स्कॅन जिथे चोवीस तास चालतो असं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे आजच विचारून ठेवा, त्या सकाळी नाही. आमच्या फ्रिजवर आता तो नंबर चिकटवलेला आहे.

आपल्या पट्ट्यात सिकलसेल आहे. त्यात लहान मुलांना, तरुणांनाही स्ट्रोक येऊ शकतो. तेव्हा "एवढ्या लहान वयात वारं कसं जाईल" म्हणून थांबू नका.

झटक्यानंतर कुठलंही चूर्ण, काढा, कॅप्सूल द्यायची असेल तर डॉक्टरांना डबा दाखवून द्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असते, गिंकोसारख्या वनस्पती त्यात ढवळाढवळ करू शकतात. अमेरिकेत बॉस्टनमध्ये २००४ साली दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. तेल चोळायचं असेल तर चोळा. बाबांना आई रोज रात्री चोळते. हात त्याने हलत नाही, पण बाबांना झोप चांगली लागते, आणि तेही काही कमी नाही. फक्त त्यासाठी गोळी बंद करू नका.

बाबांचं विचाराल तर आता काठीशिवाय चालतात. उजव्या हाताने चहाचा कप धरता येतो, पेन नाही. बोलणं ऐंशी टक्के आलंय, चिडले की पुन्हा अडकतं. साडेसहा तासांतलं जे गेलं ते गेलं. ते परत आणणारं काही मला सापडलं नाही, रानातही नाही आणि लॅपटॉपवरही नाही.

मी बीपीचं मशीन घेतलंय, ते या ओटीवरच असतं. रविवारी पाड्यावरचे लोक येतात, आई मोजते, वहीत लिहिते. वैदूकाका एकदा मुळ्या द्यायला आले तर त्यांनाही बसवलं. वरचा आकडा १७८. म्हणाले, मशीन खराब असेल. दुसऱ्या हातावर लावलं. १८०. काही न बोलता पंधरा मिनिटं बसून राहिले. मग विचारलं, "ती फुकटची गोळी कुठे मिळते म्हणालास?"

हल्ली त्यांच्याकडे हाड बसवायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते आधी आमच्या ओटीवर पाठवतात.

चला, आज एवढंच. घरी जा, आई-बाबांचं कपाट उघडून बघा. पट्ट्या फोडलेल्या आहेत का ते मोजा, आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटूया पुढच्या भागात, तेव्हा परत कोडिंगवर बोलू.